पिशवी अजून काही महिने राहणार

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवर ‘बरी आहे’ एवढंच म्हणते, कारण तुमचा आवाज ऐकला की पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहितेय.

बाबा, ऑपरेशनच्या कागदावर सही केल्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, असं आई म्हणाली. तुमच्या सहीच्या वर माझी सही आहे. सात वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्यातल्या सुजेने आणि जखमांनी, रक्त जात होतं, स्टिरॉइड्स सुटत नव्हती. मोठं आतडं काढायचं मीच ठरवलं.

आणि आई, तुझ्या मऊ भाताने काही बिघडलं नाही गं. लहान आतड्याच्या टोकाचा पाउच, म्हणजे आतली थैली, शिवून खाली गुदद्वाराशी जोडला, तो जोड जरासा पाझरला. जागा ओटीपोटात खोल आणि अरुंद, त्यात स्टिरॉइड्सवर असलं की जखम भरायला वेळ लागतो. तिथे पू साठला, म्हणून दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, माकडहाडापाशी ठणका लागला. सीटी स्कॅनमध्ये बघून नळी घातली आणि पू काढला. पोटावरच्या पिशवीचा तुम्हाला राग येतो, पण मळ तिच्यात उतरतो, म्हणूनच तो त्या जोडाकडे गेला नाही.

काल पहिल्यांदा ती एकटीने बदलली. कोमट पाण्याने कातडी पुसली, पावडर लावली, पिशवी कातडीला चिकटवायच्या प्लेटचं भोक कात्रीने मापात कापलं. मागच्या आठवड्यात भोक मोठं झालं, तर भोवतीची कातडी सोलवटली. नुसतं पाणी लागलं तरी आग व्हायची. स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, मात्र दुखत नाही. लाल, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा आहे. आई, त्या दिवशी तू मान फिरवलीस. आता आलीस की नीट बघ.

पाउचमध्ये डाय सोडून एक्स-रे काढतील. जोड भरलेला दिसला, तरच पिशवी निघेल. त्यानंतरही दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागेल. कधी पाउचला सूज येते, तिला पाउचायटिस म्हणतात. बहुतेकदा अँटिबायोटिकने उतरते. आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा घाबरू नका.

मावशीला खरं काय ते सांगा. मला लपवून ठेवू नका.

येताना साबुदाणा आणा, त्याने पिशवीतलं जरा घट्ट होतं. बाबा, स्वारगेटला उतरलात की फोन करा. घ्यायला मीच येणार आहे.

तुमची,
मनू