जुन्या संगणकाचा सर्व्हर करताय? आधी मुदत बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ न चढणारे कितीतरी धडधाकट संगणक अडगळीत गेले. त्यांतल्या एखाद्यावर लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घालून गावच्या वाचनालयाचे, भजनी मंडळाचे किंवा स्वतःच्या लेखांचे संकेतस्थळ घरूनच चालवावे, ही कल्पना उत्तम. फक्त 'कुठलंही लिनक्स घाला, सगळी सारखीच' असा जो सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये. वेगापुरता तो खराही आहे. दिवसाला शे-दोनशे वाचकांच्या स्थळाने कुठल्याच सिस्टिमला घाम फुटत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी: सुरक्षेचे अपडेट किती वर्षे येणार, आणि आपले जुने यंत्र त्या सिस्टिमला चालणार का.

मुदतीचे महत्त्व कळायला सेंटॉस या लिनक्सच्या प्रकाराचे उदाहरण पुरे. सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की ३१ डिसेंबर २०२१ ला दुकान बंद. पुढे तिची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्सच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला दहा वर्षे मिळतात, म्हणून कागदावर त्या सर्वांत भक्कम. पण जुन्या यंत्राची गोची इथेच होते. रॉकी १० ला एव्हीएक्स-२ (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा एक संच) असलेला प्रोसेसर लागतो. म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीआधीचे कोअर आय-३, आय-५ बाद, आणि पेंटियम-सेलेरॉन तर त्यानंतरचेही बरेचसे बाद. अल्मालिनक्स १० ने अशा प्रोसेसरांसाठी वेगळी प्रत काढली आहे. ती मुद्दाम शोधून उतरवावी लागते.

उबंटू ही लिनक्स घ्यायची तर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी एलटीएसच, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने मिळतात. २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पण त्यात एक मेख आहे: ही पाच वर्षे 'मेन' या भांडारातल्या (सॉफ्टवेअरच्या साठ्यातल्या) पॅकेजांची. एनजिनएक्स (वाचकाला पाने पाठवणारे सॉफ्टवेअर) तिथे आहे. 'युनिव्हर्स' या दुसऱ्या भांडारातल्या वर्डप्रेससारख्या पॅकेजांना सुरक्षेची हमी उबंटू प्रो ही सेवा जोडल्यावरच मिळते. घरगुती वापरासाठी प्रो पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे, मात्र खाते उघडून ते जोडावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

घरातल्या एकुलत्या एका सर्व्हरसाठी आमचे मत डेबियन या लिनक्सला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे एलटीएस (लांबवलेले अपडेट), खाते-बिते काही नाही. एकच अडचण म्हणजे १३ पासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर निघत नाही. यंत्र फेकण्याआधी विंडोजमध्ये 'सिस्टिम टाइप' ही ओळ वाचा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असे असेल तर प्रोसेसर ६४-बिटच आहे, फक्त विंडोज ३२-बिट घातली होती. डेबियन १३ बिनधास्त चढेल.

(ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या सिस्टिमचे चाहते रागावतील. सिस्टिम अतिशय नेटकी, पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि अपडेट फक्त शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात. वर्षाकाठी एकदा तरी आवृत्ती बदलायला हौस हवी.)

डेबियन घालताना रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) पासवर्डची जागा कोरी सोडा. मग पहिल्या वापरकर्त्याला आपोआप सुडो, म्हणजे रूटचे अधिकार वापरण्याची सोय, मिळते. सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि ग्नोमवरची खूण काढा आणि एसएसएच सर्व्हरवर (दुसऱ्या संगणकावरून हे यंत्र चालवण्याची सोय) ठेवा. डेस्कटॉप राहिला तर मेमरी तर खातोच, शिवाय कोणी हात लावला नाही की संगणक झोपी जातो आणि संकेतस्थळ 'आपोआप' बंद पडते. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट आपोआप घालणारे अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज हाताने घाला. नवे कर्नल (सिस्टिमचा गाभा) उतरले तरी रीस्टार्ट होईपर्यंत जुनेच चालू राहते आणि स्वतःहून रीस्टार्ट करणे मुळात बंद असते. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ते चालू करून पहाटे चारची वेळ द्या. बाहेरच्या भांडारातून घेतलेले पीएचपी किंवा डॉकर असे सॉफ्टवेअर यात येत नाही, ते आपले आपण बघायचे. भांडारांच्या यादीत 'स्टेबल' असा शब्द असेल तर तो काढून 'ट्रिक्सी' (डेबियन १३ चे नाव) लिहा. नाहीतर पुढची आवृत्ती जाहीर होईल त्या दिवशी साध्या अपडेटच्या नादात अख्खी सिस्टिम बदलायला निघते.

नवख्यांना सर्वांत छळणारी चूक म्हणजे ४०३, म्हणजे 'पान बघायला मनाई'. पाने होम फोल्डरमध्ये ठेवून एनजिनएक्सला तिथला रस्ता दाखवला की ब्राउझर 'फरबिडन' म्हणतो. कारण साधे आहे: नव्या डेबियन-उबंटूत होम फोल्डर इतरांना बंद असतो आणि एनजिनएक्स चालते 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने. वैतागून ७७७ (सर्वांना सगळे खुले) परवानगी देऊ नका. पाने 'व्हार'खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये न्या. अल्मा-रॉकीवर तेवढ्यानेही भागत नाही. 'एमव्ही' या आज्ञेने हलवलेल्या फाइलला एसईलिनक्स या जादा सुरक्षा-पहाऱ्याची होम फोल्डरची जुनीच चिठ्ठी चिकटलेली राहते, परवानग्या बरोबर दिसूनही ४०३ सुटत नाही. तिथे 'रिस्टोरकॉन' ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवली की चिठ्ठी बदलते. एसईलिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर विजेचा भरवसा नसतो, म्हणून बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग-पानावर) 'वीज आल्यावर चालू' हे सेटिंग करून ठेवा. लॅपटॉप असेल तर बॅटरीच यूपीएसचे काम करते. फक्त झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगिनडी या सेवेच्या सेटिंगमध्ये 'हँडललिडस्विच'पुढे 'इग्नोर' लिहावे लागते. फुगलेली बॅटरी मात्र लगेच काढा. राउटर आणि फायबरचा डबाही इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर सर्व्हर जागा आणि रस्ता बंद. किनाऱ्याजवळच्या घरांत खिडकीखाली यंत्र ठेवू नये. खारी हवा पंखा आणि रॅमचे संपर्क खाऊन टाकते.

आणि या सगळ्या खटाटोपाआधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवले आहे. मग ८० आणि ४४३ पोर्ट (संकेतस्थळाची दारे) कितीही उघडा, बाहेरचा वाचक पोचत नाही. अशा वेळी कंपनीकडे स्थिर आयपी मागावा लागतो, नाहीतर बाहेर भाड्याने छोटा सर्व्हर घ्यावा लागतो. तिथेही सिस्टिम निवडायची यादी समोर येतेच, आणि तिच्यात कधीकधी मुदत संपलेल्या आवृत्त्याही असतात.

कळावे,
सर्व्हर सांभाळणारे दोन वाचक,
फोंडा, गोवा