केसीएलला ट्रेमध्ये जागा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका. 31 वर्षांत मराठवाड्यात चार ठिकाणी बदल्या झाल्या, निम्मी नोकरी अपघात विभागात गेली. केसीएलबद्दल, म्हणजे शरीरात पोटॅशियम कमी झालं की देतात त्या पोटॅशियम क्लोराइडच्या इंजेक्शनबद्दल, लिहायला उशीर केला, कारण चूक माझीच होती.

फवारणीचे दिवस होते. विषबाधेचे दोन पेशंट, दोघांनाही विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, चालू. रात्रपाळीला मी एकटी. पलीकडच्या खाटेवरच्या आजींना पावडरचं एक इंजेक्शन द्यायचं होतं. पावडर विरघळवायला ट्रेमधली डिस्टिल्ड वॉटरची अ‍ॅम्प्यूल (छोटी बंद बाटली) उचलली, मोडली, सिरिंजमध्ये ओढली. लाइट गेलेली. वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉय) मोबाइलचा उजेड धरला तेव्हा लेबल दिसलं: पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही अ‍ॅम्प्यूल प्लास्टिकच्या, दोन्ही 10 मिलीच्या, आत पाण्यासारखं पाणी. केसीएल सलाइनमध्ये मिसळून, तासन् तास, सावकाश द्यायचं असतं. तसंच शिरेत गेलं असतं तर आजींचं हृदय तिथंच बंद पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी केसीएल ट्रेमधून काढून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि प्रत्येक अ‍ॅम्प्यूलवर लाल नेलपेंटचा ठिपका दिला. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सिस्टर, हा काय खेळ मांडलाय?" डबा गेला. अ‍ॅम्प्यूल परत ट्रेमध्ये आल्या.

यंदा माझी भाची एका आयसीयूत लागली. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज संपली की नारिंगी घेतात, चालतं ना?" नाही चालत, बाई! लाल टोपी एका मिलीत 40 युनिट असलेल्या वायलला (बाटलीला), नारिंगी 100 युनिट असलेल्या. उलट झालं, म्हणजे 100 ची वायल आणि लाल सिरिंज, तर 10 युनिट समजून 25 जातात. पोरीला डिग्री आहे, पण हे तिला कुणी वॉर्डात उभं करून दाखवलेलं नाही.

औषधांच्या चुकांतून होणारी इजा कमी करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्येच सांगितलं. त्यावर पोस्टर आले, प्रशिक्षणं झाली, चहा-बिस्किटं झाली. मला एवढंच हवं आहे: केसीएल कुलपात असावं, आणि केसीएल, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारं हेपॅरिन भरताना दुसऱ्या सिस्टरनं लेबल मोठ्यानं वाचावं. रात्री दुसरी सिस्टर कुठून आणायची, हे मात्र नर्सना विचारू नका, पदं भरणाऱ्यांना विचारा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, परभणी