चेंबर घासण्याआधी काडतूस तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लिव्हर-ॲक्शन (घोड्याभोवतीचा दांडा खालीवर करून काडतूस भरणाऱ्या) रायफलींच्या देखभालीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. बराचसा मजकूर उपयुक्त आहे; मात्र काडतूस पूर्ण आत जात नसेल तर चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस बसण्याचा भाग) आतून घासून घ्यावे, हा सल्ला मला घातक वाटतो. चेंबरमधून एकदा निघालेले पोलाद परत भरता येत नाही, आणि पुष्कळदा दोष तिथे नसतोच.

लिव्हर नेमकी कुठे अडते हे आधी पाहावे, आणि त्यासाठी दारू व प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) नसलेली डमी काडतुसेच वापरावीत. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये काडतूस नळीखालच्या मॅगझिनमधून पितळी कॅरिअरमध्ये येते, लिव्हर खाली नेण्याच्या शेवटच्या टप्प्यात हा कॅरिअर सरळ वर उचलला जातो आणि लिव्हर मिटताना बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) काडतुसाला चेंबरमध्ये ढकलतो. रांगेतील दुसऱ्या काडतुसाला थोपवणारा वेगळा खटका या रचनेत नाही. ते काम कॅरिअरमधले काडतूस आपल्या लांबीनेच करते. म्हणून या रायफलीत चालणारे .४४-४० या प्रकारचे काडतूस १.५९२ इंच या कमाल मापापेक्षा लांब असले, तर ते मॅगझिनच्या तोंडात अडकून राहते. फारच आखूड असले, तर दुसऱ्याची कडा कॅरिअरमध्ये घुसते. लिव्हर अशी खालच्या टप्प्यात अडली, तर त्यात चेंबरचा काही संबंध नाही.

लिव्हर मिटत आलेली असताना अडली, तरच चेंबरकडे वळावे. तेही आधी ब्रशने साफ करून, कारण काळ्या दारूची काजळी आणि शिसे त्याच्या पुढच्या टोकाशी थर धरून बसते. मग डमीला मार्करची शाई फासून ती हाताने आत सरकवावी आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे. पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) मानेजवळ, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाजवळ पुसली असेल, तर गोळीवर संशय घ्यावा. या काडतुसाची गोळी मुळात .४२७ इंचांच्या आसपासची. आज सहज मिळणारी .४४ ची गोळी .४२९ किंवा .४३० इंचांची असते, आणि पुंगळीची पातळ मान तिच्यामुळे फुगते. तीच पुंगळी गोळीविना आत जात असेल, तर शंका उरत नाही. शाई मधल्या भागावर पुसली असेल, तर पुंगळी बहुधा दुसऱ्या रायफलीत फुगून आलेली असते. (बोल्टच्या तोंडातून प्राइमरवर आदळणारी पिन बाहेर राहिलेली नाही ना, हेही पाहावे, तशी पिन जिवंत काडतूस बोल्ट मिटतानाच उडवू शकते.)

एवढे करूनही अडचण राहिली, तर सेरोसेफसारख्या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा घेऊन चेंबर मोजून घ्यावे. हा धातू थंड होताना आधी आकसतो आणि मग पुन्हा फुगतो, त्यामुळे माप साधारण तासाभराने घ्यावे लागते. कानस हाती घ्यायची की नाही, हे त्या मापावरून आणि जाणत्या कारागिरानेच ठरवावे. लिव्हर जोराने दाबून काडतूस बसवण्याचा प्रयत्न तर कोणीच करू नये.

आपला,
एक वाचक