कसणाऱ्याची मालकी ‘इतर हक्क’ रकान्यात अडकलेली

महोदय,

जमिनीची खासगी मालकी न्याय्य की अन्याय्य, हा वाद कोकणात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात, म्हणजे मालकाऐवजी कुळाचे नाव जिथे नोंदतात तिथे, येऊन अडतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कूळ कायद्याने दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याला, म्हणजे कुळाला, त्या जमिनीचा खरेदीदार मानले. पण कलम ३२ग खाली किंमत ठरवून घेऊन, ती भरून ३२म चे खरेदी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ती खरेदी पक्की होत नाही. प्रमाणपत्राला १० वर्षे झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (जमिनीवरील शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून विक्री करता येते. विक्रीसाठी कलम ४३ खालची सरकारी पूर्वपरवानगी लागत नाही. (आकारच इतका कमी, की रक्कम किरकोळ असते.) खरेदीदार मात्र शेतकरीच हवा.

खरी कोंडी तोंडी ठरलेल्या खंडावर जमीन कसणाऱ्याची. खंडाची पावती नाही, पीकपाहणीत (शेतात कोण काय पिकवतो, या सरकारी नोंदीत) नाव नाही, तो कसणारा कायद्याला दिसतच नाही. प्रलंबित ३२ग प्रकरणांची गावनिहाय यादी तहसीलदारांनी चावडीवर लावावी.

– एक वाचक, रत्नागिरी