नुसती वेळ छापू नका

महोदय,

रायगडच्या किनाऱ्यावर घोड्यांच्या शर्यती झाल्या की विजेत्याची सेकंदांतली वेळ बातमीत येते आणि लगेच तिची मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या वेळेशी तुलना सुरू होते. चांगला थरोब्रेड (शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा घोडा) तिथे हजार मीटर साठ सेकंदांच्या आत कापतो, आपला घोडा त्याच्या जवळ गेला, अशी गावभर चर्चा होते. घोड्याचं कौतुक जरूर व्हावं. पण रेसमध्ये मुरलेला माणूस नुसत्या वेळेवर घोडा जोखत नाही.

समजा, 1400 मीटरला घोड्यांच्या एका वर्गाची नेहमीची वेळ 1 मिनिट 26 सेकंद आहे आणि आजचा विजेता 1 मिनिट 26.7 ला आला. वरवर तो संथ वाटतो. पण त्याच दिवशीच्या बाकीच्या शर्यती आपापल्या नेहमीच्या वेळेपेक्षा, 1400 मीटरच्या हिशेबाने, सरासरी एक सेकंद मागे पडल्या असतील तर धावपट्टी जड होती. तो सेकंद वजा केला की घोडा 0.3 सेकंद सरस ठरतो. घोड्याची एक लांबी म्हणजे सुमारे 2.4 मीटर, आणि ती पार करायला साधारण 0.15 सेकंद लागतो. म्हणजे तो दोन लांब्या पुढे. 1400 मीटरला एक लांबी घोड्याच्या पाठीवरच्या सुमारे 0.9 किलो वजनाएवढी धरतात आणि आपल्याकडे अर्ध्या किलोला रेटिंगचा (घोड्याची कुवत दाखवणाऱ्या गुणांचा) एक अंक, म्हणून हा घोडा तीन-चार अंकांनी चांगला. हजार मीटरला हीच लांबी किलो-सव्वा किलोच्याही वर जाते, 2400 ला जेमतेम अर्धा-पाऊण किलो उरते. या हिशेबात एक खोट हमखास होते: सुरुवातीला सगळेच रमतगमत पळालेली शर्यतही सरासरीत धरली जाते. घोडे दमलेले नसतात, वेळ मात्र वाईट दिसते, आणि दोष उगाच धावपट्टीच्या माथी जातो.

म्हणूनच टप्प्यांच्या वेळा हव्यात. 1973 च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या शर्यतीत सेक्रेटेरियट हा घोडा 1 मिनिट 59.4 सेकंदांत आला, पण खरी नवलाई अशी की सव्वा मैलाच्या पाच पाव मैलांपैकी प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्यापेक्षा कमी वेळात कापला. एकूण वेळेत ही गोष्ट दिसत नाही.

आता आपली पुळण. सुरुवात शिट्टीने होत असेल आणि वेळ घेणारा हजार मीटरवर शेवटच्या रेषेपाशी असेल, तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. घोडा निघाल्यावर तीन सेकंदांनी घड्याळ चालू होतं आणि फुकटचा विक्रम होतो! घड्याळ झेंडा पडताना बघूनच दाबावं, शक्यतो तिघांनी, आणि मधली वेळ धरावी. मोबाईलवर शेवट टिपायचा तर रेषेच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून, दोन्ही एकावर एक दिसतील तिथे मोबाईल स्थिर ठेवावा. सेकंदाला 30 चित्रं घेतली तर दोन चित्रांच्या मध्ये घोडा अर्धा मीटर पुढे सरकतो. नाकाएवढ्या फरकाचा निकाल त्यावर देऊ नये.

अंतर फीत टाकून मोजा, पावलांनी नको. आणि वाळू! ओहोटीची ओली, घट्ट पट्टी आणि सुरूच्या झाडांच्या बाजूची भुसभुशीत वाळू या दोन वेगळ्या धावपट्ट्या आहेत. भरती चढू लागली की घट्ट पट्टी अरुंद होते, शेवटच्या फेरीतले घोडे वर सरकतात, खूर रुततात. उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांतल्या ओहोटीला घेतलेली घोड्याची वेळ आणि भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांतली वेळ म्हणूनच एका तक्त्यात बसत नाही. दुपारचा खारा वारा समोरून आहे की पाठीमागून, हेही लिहायला हवं. रेसकोर्सवर जमिनीचा टणकपणा पेनेट्रोमीटरने मोजतात. इथे एक किलोचं वजन सळईवर एक मीटरवरून टाकून सळई किती सेंटिमीटर रुतली ते दर फेरीआधी तीन ठिकाणी लिहून ठेवलं, तरी सकाळची आणि दुपारची फेरी ताडून बघता येईल.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे की वेळेसोबत मोजलेलं अंतर, फेरी सुरू झाल्याची वेळ, त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि सुरुवात झेंड्याने झाली की शिट्टीने, एवढं एका ओळीत द्यावं. घोडा सुटा पळाला की गाडीला जुंपलेला, तेही.

एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)