टँकरवरची पाटी वाचता तरी यावी

अमरावती मार्गावर वाडीच्या आसपास रस्त्याकडेला उभे राहणारे टँकर नागपूरकरांना नवे नाहीत. आत गॅस आहे, आम्ल आहे की निव्वळ खाद्यतेल, हे बाहेरून कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३४ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर आपत्कालीन माहितीची पाटी लागते: रसायनाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक (धोकादायक माल ओळखण्यासाठीचा), धोक्याचे चिन्ह आणि मदतीसाठीचे फोन क्रमांक. प्रत्यक्षात अनेक पाट्या चिखलाने किंवा उन्हाने पुसलेल्या असतात. गळती झाली तर अग्निशमन दलाने पाणी मारायचे की नाही, हे त्या पाटीवरूनच ठरते. काही रसायने पाण्याने अधिकच भडकतात.

गॅसच्या टाकीची जलदाब चाचणी (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणे) दर पाच वर्षांनी, विषारी वा क्षरणकारी म्हणजे धातू कुरतडणारा वायू असेल तर दोन वर्षांनी, बंधनकारक आहे. शेवटच्या चाचणीची तारीख नाक्यावर कोणी विचारते का? वजन आणि परमिट मात्र हटकून विचारले जाते! अशा टाक्यांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. परिवहन विभागाने तिच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन रिंगरोडवर अचानक तपासण्या कराव्यात आणि पाटी वाचता येत नसेल तर टँकर पुढे सोडू नये.

– एक वाचक, वाडी, नागपूर