केसपेपरवर एक प्रश्न वाढवा, साहेब

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी मी तंबाखूमुक्तीचं समुपदेशन करतो. बिडी ओढणारा समोर बसला की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं: ‘सोडायचीय हो, पण बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.’ सोबतची बायको लगेच सुनावते, ‘भावजींनी सोडली की! ह्यांच्यातच जिद्द नाही.’

सगळं खापर जिद्दीवर फोडता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या निकोटीनच्या लतीतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. २००८ साली पंधराव्या गुणसूत्रावरचं सीएचआरएनए-५ हे जनुक या संदर्भात पुढे आलं. त्यातल्या एका बदलामुळे मेंदूचा ‘आता बास’ हा इशारा क्षीण होतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. सीवायपी-२ए-६ हे दुसरं जनुक यकृतात निकोटीनचा निचरा किती वेगानं होणार ते ठरवतं. निचरा लवकर, तर तलफही लवकर. सख्ख्या भावांतही ही वाटणी सारखी नसते, हे वहिनींना कोण सांगणार?

म्हणून गावोगाव जनुकीय चाचण्या सुरू करा, असं मात्र मी म्हणत नाही. सीएचआरएनए-५मधल्या त्या बदलाची एक प्रत असली तर दिवसाला सुमारे एक सिगारेट वाढते, इतकाच हिशोब. शिवाय बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. तो पैसा वाचवा.

त्यापेक्षा केसपेपरवर एक प्रश्न छापा: ‘उठल्यावर पहिली बिडी किंवा तंबाखू किती वेळात?’ पाच मिनिटांच्या आत असेल, तर लत कडक समजावी. अशा माणसाला नुसता उपदेश पुरत नाही, औषध लागतं. तंबाखूऐवजी थोडं निकोटीन देऊन तलफ भागवणारी औषधं, म्हणजे चघळायचा निकोटीन गम वगैरे, २०२२ पासून राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आमच्या औषधखिडकीवर ‘संपलंय’ हेच उत्तर मिळतं. गम मिळालाच तर लोक तो च्युइंगगमसारखा चघळतात आणि उचक्या देत परत येतात. थोडा चावून गालात धरायचा, हे सांगायला माणूस हवा. (तंबाखू खाणाऱ्यांना ते चटकन जमतं!)

‘राज्यात धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के,’ असं अधिकारी २०१६-१७च्या पाहणीचा हवाला देऊन सांगतील. त्याच पाहणीत धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत, आणि निकोटीन दोन्हीकडे तेच.

प्रश्न छापायला खर्च नाही. गमची मागणी मात्र पुढच्या खरेदीत प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत धरावी, दोन आणि चार मिलिग्रॅम, दोन्ही.

आपला,
एक समुपदेशक